खामगावचा फोन, सरकीची ढेप आणि बिझनेस लॉचा पाया

तुझा प्रश्न असा की बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला बिझनेस लॉ आलाय, बारावीपर्यंत सगळं मराठीत झालंय, कलमं पाठ करतोस आणि चार दिवसांत विसरतोस, गाईड वाचून पास होशील पण पुढे सीए नाहीतर एलएलबी डोक्यात आहे म्हणून पाया पक्का करायचाय, तर सुरुवात कुठून करू. मी बावीस वर्षं अकोल्यात दिवाणी आणि चेक बाऊन्सची कामं बघतोय, मधली सात-आठ वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवलाय. दोन्ही बाजूंनी सांगतो, थोडं लांबेल.

विसरतोस कारण तू उत्तरं पाठ करतोयस आणि प्रश्न काय होता तेच तुला कोणी सांगितलेलं नाही. कायद्यातलं बहुतेक प्रत्येक कलम म्हणजे कुणाच्या तरी भांडणाचं उत्तर असतं. भांडण आधी कळलं की कलम डोक्यात राहतं, नाहीतर 'प्रस्तावाची व्याख्या लिहा, ५ गुण' एवढंच राहतं आणि तेही पेपर संपेपर्यंत.

आता आमच्या भागातलंच भांडण घे. खामगाव माझ्या ऑफिसपासून तासाभरावर. १९५०-६० च्या दशकातली गोष्ट, अहमदाबादच्या एका पार्टीने खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरी-तेल मिलला फोन लावला, सरकीची ढेप घ्यायची ऑफर दिली, खामगाववाल्यांनी फोनवरच हो म्हटलं. पुढे माल काही आला नाही. अहमदाबादवाल्यांनी तिथल्या सिटी सिव्हिल कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला. खामगाववाले म्हणाले, अहो आम्ही 'हो' म्हणालो ते खामगावात बसून, मग करार खामगावला झाला, दावा इकडे लावा. वरवर बघितलं तर फालतू वाद वाटतो, पण त्या काळी खामगावच्या व्यापाऱ्याने तारखेतारखेला अहमदाबादला जायचं म्हणजे काय याचा विचार कर. कोर्ट कुठलं यावर अर्धी केस असते, आजही.

गंमत अशी की आपला करार कायदा १८७२ चा आणि टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होतं ते टपाल. कलम ४ म्हणतं की स्वीकृती तुमच्या हातातून सुटली, म्हणजे पत्र पेटीत पडलं, की समोरचा म्हणजे ऑफर देणारा बांधला गेला. खामगाववाल्यांनी पत्र टाकलं असतं तर करार खामगावला झाला असता. पण फोनवर? सुप्रीम कोर्टाने १९६५ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल दिला, की फोनवरचं बोलणं म्हणजे समोरासमोर बोलल्यासारखंच, टपालाचा नियम इथे लावायचा नाही, 'हो' जिथे ऐकू आलं तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबाद. पुस्तकात ही केस भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास या नावाने सापडेल, निकाल छापून आलेला रिपोर्ट १९६६ चा आहे.

मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न आला तेव्हा ठोकून दिलं होतं की करार खामगावला झाला, आपलं गाव म्हणून असेल कदाचित. शून्य मार्क. नंतर निकाल पूर्ण वाचला तेव्हा कळलं की दोन विरुद्ध एक मधले ते एक, न्या. हिदायतुल्ला, त्यांचं मत खामगावच्याच बाजूचं होतं, त्यांचं म्हणणं की कलम ४ चे शब्द स्पष्ट आहेत, फोनसाठी वेगळा अर्थ काढता येत नाही. म्हणजे माझं उत्तर अगदीच वेड्याचं नव्हतं, मी फक्त कारण लिहिलं नव्हतं. मार्क काही परत मिळाले नाहीत पण त्या दिवसापासून मी 'उत्तर काय' याच्या आधी 'कारण काय' लिहायला लागलो.

ही एक केस नीट वाचलीस तर प्रस्ताव, स्वीकृती, संदेश पोचणं, कोर्टाचं अधिकारक्षेत्र, एवढं सगळं एका दोरीत ओवलं जातं. मग स्वतःलाच विचार, हेच व्हॉट्सअॅपवर झालं असतं तर? निळी टिक महत्त्वाची की पाठवलेली वेळ? ईमेलवर झालं असतं तर? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०अ आणि १३ आहेत, तिथे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेला करार चालतो असं आहे आणि मेसेज कुठून निघाला, कुठे पोचला असं समजायचं तेही दिलंय, तर ती दोन कलमं काढून वाच. तुला कोणी पाठ करायला सांगणार नाही तरी लक्षात राहतील.

दुसरी गोष्ट, बेअर अॅक्ट, म्हणजे टीका-टिप्पणी नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, वाच. गाईड बाजूला ठेव असं मी म्हणत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळेच गाईड उघडतात, मीही उघडायचो. पण सुरुवात मूळ कायद्याने कर. इंडिया कोड नावाच्या सरकारी साइटवर फुकट मिळतो. इंग्रजी जुनं आणि बोजड आहे हे खरं, म्हणून युक्ती सांगतो, कलम नंतर, आधी त्याखालची उदाहरणं वाचायची. करार कायद्याचं खरं सोनं त्या उदाहरणांत आहे आणि विद्यार्थी नेमकी तीच सोडून देतात. कलम ५६ खालचं पहिलंच उदाहरण म्हणजे जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार, तो रद्दबातल. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने लोकांना आजही लुबाडतात, आणि १८७२ च्या कायद्यात ते उदाहरणच देऊन ठेवलंय की अशक्य गोष्टीचा करार हा करारच नाही. कलम २० खाली घोड्याचा सौदा आहे, सौदा झाला तेव्हा घोडा आधीच मेलेला होता आणि दोघांनाही माहीत नव्हतं. कलम २५ खाली हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचं कबूल केलंय, आणि कायदा म्हणतो की संमती मोकळेपणी दिली असेल तर चालतो हा करार, मोबदला कमी आहे म्हणून रद्द होत नाही. हे वाचल्यावर कलम पाठ करावं लागतं का? घोडा आठवला की कलम आठवतं.

माध्यमाचं टेन्शन घेऊ नकोस पण शब्दांच्या बाबतीत मात्र सावध राहा. आपण बोलताना ॲग्रीमेंटलाही करार म्हणतो आणि कॉन्ट्रॅक्टलाही, आणि कायद्यात तर फरकच तिथे आहे, कायद्याने बजावता येतं ते कॉन्ट्रॅक्ट, म्हणून सरकारी मराठीत त्याला संविदा हा वेगळा शब्द आहे. मित्राने पिक्चरला यायचं कबूल केलं आणि आला नाही तर ते ॲग्रीमेंट असेल पण कोर्टात जाशील का? तसंच व्हॉइड आणि व्हॉइडेबल. पहिला कायद्याच्या नजरेत अस्तित्वातच नाही, दुसरा चालू असतो पण ज्याची फसवणूक झाली किंवा ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला मोडायचा अधिकार असतो, त्याने नाही मोडला तर चालू राहतो. मराठी पुस्तकांत दोन्हीला 'रद्द' कुठेतरी येतंच आणि पोरं गोंधळतात. मी सांगायचो की वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता कर, इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि पुढे एक ओळ तुझ्या भाषेत. पन्नास-साठ शब्द भरतील, त्यातच अर्धा विषय आला.

आता लोकांच्या डोक्यातले गैरसमज, कारण तुझ्याही डोक्यात ते असणार आणि ते काढल्याशिवाय नवीन काही बसणार नाही. सगळ्यात मोठा म्हणजे 'स्टॅम्प पेपरवर नाही म्हणजे करार नाही'. माझ्याकडे एक व्यापारी आला, दोन ट्रक तूर उधार दिली, पैसे बुडाले, आणि तो स्वतःच म्हणतो की साहेब लिहून काही नाही म्हणजे केसच नाही ना. मी म्हटलं, केस आहे, तर म्हणे, "मंग फोनवर बोलणं झालं, तेबी चालते काय?" चालते. कलम १० मध्ये स्टॅम्प पेपरचं नावसुद्धा नाही. मोकळी संमती, करार करायला लायक माणसं, कायदेशीर मोबदला, कायदेशीर हेतू, आणि कायद्याने मुद्दाम रद्द ठरवलेला नसावा, एवढंच. जिथे लेखी किंवा नोंदणी सक्तीची आहे तिथे मात्र ते लागतंच, उदाहरणार्थ जमिनीची विक्री. तोंडी करार खरा असतो, तो सिद्ध करणं अवघड असतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बी.कॉम.च्याच काय, एलएलबीच्या पोरांनाही हा फरक लवकर कळत नाही. त्या तुरीच्या केसमध्ये काट्याच्या पावत्या, ट्रकवाल्याची बिल्टी आणि तीन व्हॉट्सअॅप मेसेज एवढ्यावर काम झालं.

उलटा गैरसमजही आहे. अकरा महिन्यांचा भाडेकरार केला की नोंदणी लागत नाही असं सगळे छातीठोकपणे सांगतात, तू रूम करून राहत असशील तर तुझ्या मालकानेही सांगितलं असेल. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ आहे, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तोच, लेखीही पाहिजे आणि नोंदवलेलाही पाहिजे, अकरा महिने असो की सहा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. तुझ्या सिलॅबसमध्ये हे नसेलही पण स्वतःचा भाडेकरार काढून त्यात करार कायद्याची कलमं शोध, कोण प्रस्ताव देतंय, मोबदला काय, डिपॉझिट कशासाठी, लवकर सोडलं तर दंड किती आणि तो कलम ७४ मध्ये बसतो का. यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

चेकचं प्रकरण मात्र नीट बसून कर, कारण सिलॅबसमधला बहुधा हा एकच भाग असेल जो घरी कुणी ना कुणी येऊन तुला विचारणार आहे. चलनक्षम दस्तऐवज कायदा (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) १८८१ चा, पण चेक न वटणं हा गुन्हा झाला तो १९८८ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल १९८९ पासून. कलम १३८. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. पोरं शिक्षा पाठ करतात आणि तारखा सोडतात, आणि प्रॅक्टिसमध्ये ही केस तारखांवरच जिंकली-हरली जाते. बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस. ते संपले की पुढे एक महिन्यात कोर्टात तक्रार. आकडे घालून बघ. नोटीस समोरच्याला २० मार्चला मिळाली, पंधरा दिवस २१ मार्चपासून मोजायचे, ते ४ एप्रिलला संपले, ५ एप्रिलला तक्रारीचं कारण जन्मलं, तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे ५ मेपर्यंत तक्रार. ३ एप्रिललाच घाईने दाखल केलीस तर ती मुदतीआधीची म्हणून टिकत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, खिशात घालून दोन महिने फिरत होते, समोरचा रोज 'उद्या देतो' म्हणायचा आणि हे थांबायचे. सुदैवाने चेकची तीन महिन्यांची मुदत संपायला चार दिवस होते, परत भरायला लावला, परत बाऊन्स झाला आणि नवीन मेमोवर नोटीस काढली. चार दिवस उशिरा आले असते तर १३८ चा रस्ता बंद होता, मग नुसता दिवाणी दावा.

आणखी एक, 'मी तर कोरा चेक सही करून दिला होता' असा बचाव सगळे घेतात. कलम १३९ प्रमाणे कोर्ट आधी धरून चालतं की चेक देण्याघेण्यापोटीच दिलाय, नव्हता हे दाखवायचं ओझं चेक देणाऱ्यावर, आणि कोऱ्या सही केलेल्या चेकलाही हे लागू होतं असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. मित्रांना सांगून ठेव.

त्याच रांगेतलं करार कायद्याचं कलम १२८, जामीनदार. पतसंस्थेच्या कर्जाला सही करणारा प्रत्येक शिक्षक, प्रत्येक कंडक्टर असंच समजतो की आधी कर्जदाराला पकडतील, त्याच्याकडून नाहीच निघालं तर आपल्याकडे येतील. कायदा म्हणतो जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराच्या मागे जाता येतं, १९६८ च्या बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या केसमध्ये कोर्टाने हेच स्पष्ट केलं. मी वर्गात विचारायचो, घरात कुणी जामीन राहिलंय का? अर्धे हात वर. मग तो तास कुणी विसरायचं नाही.

नोकरीच्या बॉण्डबद्दल पोरं नेहमी विचारतात म्हणून कलम २७ थोडं सांगतो. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करायला रोखणारा करार तेवढ्यापुरता व्हॉइड. यावरून लोक निष्कर्ष काढतात की सगळे बॉण्ड कचऱ्यात. तसं नाहीये. निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, १९६७. टायर कॉर्ड धाग्याचं परदेशी तंत्रज्ञान, ते गुप्त ठेवायची अट, पाच वर्षांचा करार, आणि हे गृहस्थ मध्येच सोडून राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत जास्त पगारावर गेले. कोर्टाने कराराच्या काळापुरती बंदी योग्य ठरवली. म्हणजे नोकरी चालू असतानाची अट आणि नोकरी संपल्यानंतरची अट, कोर्ट दोन्हीकडे वेगळ्या नजरेने बघतं. पेपरात हा फरक लिहिणारा विद्यार्थी तपासणाऱ्याच्या लगेच डोळ्यात भरतो, दोनशे पेपर तपासलेला माणूस म्हणून सांगतोय.

माल विक्री कायदा १९३० फार अवघड नाही, एकच प्रश्न धरून ठेव, मालकी कधी बदलली. करारात वेगळं ठरलं नसेल तर धोका मालकीबरोबर जातो, गोदामाला आग लागली तर नुकसान कुणाचं हे त्यावर ठरतं. भागीदारी कायदा १९३२ मध्ये कलम ६९ सोडून बाकी एकदा वाचलं तरी जमेल. कलम ६९ असं की फर्म नोंदवलेली नसेल तर करारातले पैसे वसूल करायला फर्मला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, बाहेरच्याला मात्र फर्मवर लावता येतो. नोंदणी सक्तीची नाही म्हणतात ती अशी. कंपनीचं म्हणशील तर आधी १८९७ ची सॉलोमन केस वाच. बुटाच्या धंद्यातला माणूस, स्वतःच्याच कंपनीत २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्याचे आणि उरलेले सहा घरच्यांचे, तरी हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं इंग्लंडचं सगळ्यात वरचं कोर्ट, म्हणालं की कंपनी वेगळी आणि तो वेगळा. हे पटलं की मग २०१३ चा कंपनी कायदा उघड, आधी नको, ४७० कलमं आहेत, घाबरशील.

पेपर लिहायचं सांगतो. समस्येचा प्रश्न आला की पोरं पहिल्याच ओळीत निकाल देतात, 'रमेशला पैसे मिळतील'. असं नको. समज प्रश्न आहे की सतरा वर्षांच्या मुलाने वय लपवून दुकानदाराकडून उधारीवर मोबाईल घेतला, दुकानदार पैसे मागतोय. आधी वाद कशाचा ते एका वाक्यात, अज्ञानाने (कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अल्पवयीन, मायनर) केलेला करार बांधतो का. मग करार कायद्याचं कलम ११, आणि प्रिव्ही कौन्सिलचा (इंग्रजांच्या काळातलं आपलं शेवटचं अपिलाचं कोर्ट) १९०३ चा मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष, अज्ञानाचा करार सुरुवातीपासूनच व्हॉइड, व्हॉइडेबल नव्हे. मग या गोष्टीला लावून दाखव, वय लपवलं म्हणून करार जिवंत होत नाही, पण मोबाईल अजून त्याच्याकडेच असेल तर तो परत करायला कोर्ट लावू शकतं, पैशांची वसुली मात्र कराराच्या जोरावर नाही. आणि शेवटी निकाल. अर्धं पान पुरतं. कलमाचा आकडा नक्की आठवत नसेल तर लिहूच नकोस, नियम तुझ्या शब्दांत लिही, चुकीचा आकडा बघून तपासणाऱ्याचा मूड जातो.

सीए करायचं असेल तर फाउंडेशनचा बिझनेस लॉजचा पेपर बऱ्यापैकी याच कायद्यांवर आहे आणि तो लिहायचा पेपर आहे, टिक करायचा नाही, म्हणजे आत्ताची मेहनत वाया जाणार नाही. एलएलबीला करार कायदा पुन्हा पूर्ण येतोच. दोन्हीतलं कुठलं ते मला विचारू नकोस, एक दिवस सुट्टी काढ आणि तुझ्या तालुक्याच्या कोर्टात १३८ चा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या चेकच्या केसेस, चालतो तिथे मागच्या बाकावर बसून ये. सुनावणी सगळ्यांना खुली असते, कोणी हटकणार नाही, फक्त मोबाईल बंद ठेव. संध्याकाळपर्यंत तुला कळेल की हे वातावरण आवडतंय की पळून जावंसं वाटतंय. आणि तिथून आल्यावर नोटीसच्या तारखांचं गणित एकदा स्वतः करून बघ, मुद्दाम फेब्रुवारी धरून. अडलास तर विचार.